कड्यावरील मेख

सह्याद्रीच्या छायेंत वाढलेल्या मराठी माणसाला कडा म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. मुंबईहून पुण्यास जातांना आगगाडीच्या खिडकींतून खंडाळ्याच्या नागफणीचें टोंक ज्यानें पाहिलें नाहीं, असा प्रवासी विरळा. त्या टोंकास इंग्रजांनीं ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकाचें नांव दिलें, ही गोष्टही पुष्कळांना ठाऊक असते. योगायोग असा कीं, कडे चढण्याच्या इतिहासांत जी धार जगांत सर्वाधिक विख्यात ठरली, तिलाही 'नाक' असेंच म्हणतात. हें नाक अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, योसेमिटी नांवाच्या खोऱ्यांत, एल कॅपिटान या पाषाणभिंतीवर आहे. भिंतीच्या दोन प्रचंड बाजू जेथें एकमेकींस मिळतात, तेथें पुढें आलेली ही धार तळापासून माथ्यापर्यंत सुमारें ३००० फूट उंच आहे.

या धारेचा इतिहास ही केवळ साहसाची कथा नव्हे. कोण किती उंच गेला आणि किती दिवसांत गेला, एवढेंच त्यांत असतें तर क्रीडावृत्ताच्या एका रकान्यांत तें मावलें असतें. परंतु या दगडावर एक फार जुना वाद नव्या रूपानें लढला गेला. साध्य थोर असलें म्हणजे साधन कोणतेंही चालतें काय, हा तो वाद होय.

गरजेपोटीं कडा चढणाऱ्यास हा प्रश्न कधींच पडला नाहीं. आपल्या डोंगरी किल्ल्यांकडे पाहावें. नाशिककडील हरिहर किल्ल्याच्या उभ्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंस हात घालण्यासाठीं खोबण्या कोरलेल्या आहेत. ज्यानें त्या कोरल्या, त्याला दगडाचें रूप बिघडेल अशी खंत वाटली नसेल. शिबंदीला धान्य आणि दारूगोळा वर न्यावयाचा होता, एवढेंच त्याच्या डोळ्यांपुढें असेल. १६७० सालीं तानाजी मालुसऱ्यांचे मावळे सिंहगडाचा कडा चढले. तो दोर वर कसा लागला, याची चिकित्सा इतिहासकारांनीं करावी. पण दोर लावणें योग्य कीं अयोग्य, असा विचार त्या रात्रीं कोणाच्या मनास शिवला असेल असें वाटत नाहीं. पुढें १८१८ च्या युद्धानंतर इंग्रजांनीं अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडविल्या, त्याही गरजेपोटींच. जेथें गरज बोलते, तेथें साधनाचा विवेक मुका राहतो. उलट, जो मनुष्य कोणत्याही गरजेवांचून कडा चढतो, ज्याला वर पोंचून राज्य मिळावयाचें नाहीं कीं धान्य न्यावयाचें नाहीं, त्याच्या चढण्याला अर्थ येतो तो चढण्याच्या रीतीमुळें. कोणत्या उपायानें चढलों, यालाच तेथें सर्व मोल असतें.

हा मुद्दा ध्यानांत येण्यासाठीं योसेमिटीच्या दगडाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा आहे. रसाचे थर एकावर एक पसरत गेले. म्हणून आपल्या कड्यांना आडव्या कंगण्या आहेत, मधून मधून गवताचे पट्टे आहेत, आणि कित्येक ठिकाणीं हातांत येणारा दगड निखळतोही. एल कॅपिटानचा दगड ग्रॅनाइट जातीचा. दहा कोटी वर्षांहूनही पूर्वीं पृथ्वीच्या पोटांत खोल जागीं तो सावकाश थिजला, कालांतरानें वर उचलला गेला, आणि हिमनद्यांनीं त्याच्या बाजू खरवडून खोऱ्याला आजची उभट आकृति दिली. अशा दगडांत थर नसतात. शेंकडों फूट गुळगुळीत अंग, आणि त्यांत देवानें पट्टी ठेवून ओढाव्या तशा सरळ उभ्या भेगा. कोठें भेग इतकी बारीक कीं नखही शिरूं नये, कोठें मूठ बसेल एवढी, कोठें अख्खें माणूस आंत जाईल एवढी. भेग आहे तेथवर वाट आहे. भेग संपली कीं वाटही संपली.

चढण्याची रीत अशी असते. दोघे अथवा तिघे एका दोरानें बांधून घेतात. एकजण पुढें चढतो, दुसरा खालीं पक्क्या जागीं स्वतःस बांधून त्याचा दोर सांभाळतो. पुढचा गडी वाटेंत ठिकठिकाणीं भेगेंत कांहीं आधार बसवितो आणि आपला दोर त्यांतून ओवून घेतो, म्हणजे तो घसरलाच तर शेवटच्या आधाराखालीं थोड्या अंतरावर दोर त्याला झेलतो. दोर संपत आला कीं तो पक्की जागा पाहून थांबतो आणि मागच्यास वर घेतो. असा एक टप्पा पुरा झाला म्हणजे दुसरा. नाकाच्या धारेवर असे तीसएक टप्पे आहेत. आतां, आधार केवळ पडल्यास झेलण्यासाठीं असेल आणि चढणाऱ्याचा भार त्याच्या स्वतःच्या हातापायांवर असेल, तर तिला मुक्त चढाई म्हणतात. पण हातापायांना कांहींच न मिळाल्यामुळें त्याच आधाराला दोरीची लहान शिडी अडकवून तो तिच्यावर उभा राहूं लागला, कीं ती साधनांची चढाई झाली. दोर दोहोंतही सारखाच; भेद एवढाच कीं, भार कोणावर टाकला. या एवढ्याशा भेदावर या कड्याचा सारा इतिहास तोललेला आहे.

योसेमिटींत साधनांची चढाई एल कॅपिटानच्याही आधीं, हाफ डोम नांवाच्या शिखरावर सुरू झाली. अर्धा कापलेल्या घुमटासारखें दिसणारें हें शिखर खोऱ्याच्या तळापासून जवळजवळ ४८०० फूट उंच उठलेलें आहे. कॅलिफोर्नियाच्या भूस्तरपाहणीचा प्रमुख जोसाया व्हिटनी यानें तें मनुष्याला सदैव अगम्य राहील असा निर्वाळा दिला होता. १८७५ सालीं स्कॉटलंडहून आलेल्या जॉर्ज अँडरसन नांवाच्या कारागिरानें तो खोटा पाडला. त्यानें घुमटाच्या उतरत्या पाठीवर पहारीनें एक छिद्र पाडावें, त्यांत लोखंडी खिळा ठोकावा, त्यावर उभें राहून दुसरें छिद्र पाडावें, असें करीत तो माथ्यावर पोंचला. मागून येणारांसाठीं त्यानें त्या खिळ्यांना दोर बांधून ठेवला. १९१९ सालीं तेथें पोलादी तारांचे कठडे बसविण्यांत आले. अँडरसनला कोणीं दोष दिला नाहीं. देण्याचें कारणही नव्हतें. मात्र त्याच्या छिद्रांनीं एक गोष्ट सिद्ध करून ठेवली. ज्याच्याजवळ पहार, खिळे आणि चिकाटी आहेत, त्याला जगांतील कोणताही दगड अगम्य नाहीं. आणि सर्वच गम्य झालें, तर चढण्यांत उरलें काय, हा प्रश्नही तेथेंच गर्भांत होता.

त्या खोऱ्याच्या नांवांमागेंही एक दुःखद प्रकरण आहे. १८५१ सालीं मारिपोसा पलटण नांवाची गोऱ्यांची टोळी तेथील अहवानीची लोकांना हुसकून लावण्यासाठीं खोऱ्यांत शिरली. या कड्याला मूळ रहिवाशांचें स्वतःचें नांव होतें. एल कॅपिटान, म्हणजे सरदार, हें स्पॅनिश नांव त्या पलटणीनें दिलें. जिंकण्याची भाषा या कड्याला अशी प्रथमपासूनच चिकटलेली आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास या भाषेला पोलादाची धार आली, ती एका लोहाराच्या ऐरणीवर. जॉन सालाथे हा १८९९ सालीं स्वित्झर्लंडमध्यें जन्मला आणि कॅलिफोर्नियांतील सॅन माटेओ गांवीं लोहारकाम करून राहिला. कडे चढण्याचा नाद त्याला लागला तो पंचेचाळिशीच्या घरांत. भेगेंत ठोकावयाच्या मेखा, ज्यांना पिटॉन म्हणतात, त्या तेव्हां युरोपांतून येत आणि मऊ लोखंडाच्या असत. युरोपांतील चुनखडीच्या वेड्यावांकड्या भेगांत मऊ लोखंड वांकून नीट बसे. योसेमिटीच्या कठीण दगडांत तें चेपून जाई आणि एकदोन वेळांनंतर निकामी होई. सालाथेनें कठीण पोलादाच्या मेखा घडविल्या. त्या कोठेंही ठोकाव्या, हातोड्यानें हलवून काढाव्या, आणि वर पुन्हां ठोकाव्या. मूठभर मेखांवर आतां अख्खा कडा चढतां येऊं लागला.

सालाथेच्या काळांत घडलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. लॉस्ट ॲरो नांवाचा एक सुळका खोऱ्याच्या कांठाला लागून उभा आहे. कांठ आणि सुळका यांच्यामध्यें खोल खिंड आहे. १९४६ सालीं चौघां तरुणांनीं कांठावरून दोर फेंकफेंकून तो सुळक्याच्या माथ्यावरून पलीकडे टाकला, आणि त्या दोरावरून ते माथ्यावर पोंचले. त्या चौघांत अँटन नेल्सन हा एक होता. युक्ति सफल झाली, परंतु तिच्यांत खरी चढाई फारशी नव्हती, हें नेल्सननेंच मान्य केलें. म्हणून दुसऱ्या वर्षीं, १९४७ सालीं, तो सालाथेबरोबर त्याच सुळक्याच्या पायथ्याशीं आला आणि पांच दिवस थोडक्या पाण्यावर काढून तळापासून माथ्यापर्यंत चढला. ज्या माथ्यावर आपण एकदां उभे राहिलों, त्याच माथ्यावर मनुष्य पुन्हां कष्टानें चढतो, कारण पहिलें पोंचणें त्याला आपलें वाटलेलें नसतें. साधनविवेकाची पहिली पहाट येथें दिसते.

एल कॅपिटानवर मात्र अजून कोणाचीच छाती झाली नव्हती. १९५७ च्या जूनमध्यें रॉयल रॉबिन्स, जेरी गॅलवास आणि माइक शेरिक यांनीं हाफ डोमची उभी वायव्य बाजू पांच दिवसांत चढून दाखविली. त्या बाजूवर वॉरेन हार्डिंग याचाही डोळा होता. तो खोऱ्यांत आला तों प्रतिस्पर्धी कड्यावर पोंचलेले. त्यानें माथ्यावर जाऊन त्यांचें मोकळ्या मनानें स्वागत केलें, आणि थोड्याच दिवसांत, ४ जुलै १९५७ रोजीं, मार्क पॉवेल आणि बिल फ्युअरर यांच्यासह एल कॅपिटानच्या नाकाला हात घातला.

तिघांनीं रीत स्वीकारली ती वेढा घालण्याची. जेवढें चढावें तेवढ्यावर दोर बांधून ठेवावे, खालीं उतरावें, सामान घेऊन पुन्हां त्याच दोरांनीं वर जावें. मध्यावरील एका शेंकडों फूट लांब भेगेला त्यांच्याजवळच्या सर्व मेखा अरुंद पडूं लागल्या. तेव्हां फ्रँक टार्व्हर नांवाच्या सोबत्यानें उकिरड्यावर टाकून दिलेल्या लोखंडी शेगडीचे चार पाय शोधून आणले. नऊ नऊ इंचांचे ते पाय भेगेंत ठोकून, काढून, पुन्हां वर ठोकून हार्डिंग ती भेग चढला. तिला आजतागायत 'शेगडीच्या पायांची भेग' असेंच म्हणतात. खालच्या रस्त्यावर मोटारींची इतकी दाटी होऊं लागली कीं, प्रवाशांच्या हंगामांत चढूं नये असा निर्बंध उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं घातला. पॉवेलचा घोटा दुसऱ्या एका अपघातांत कायमचा दुखावला, फ्युअरर मागें राहिला. हार्डिंगनें नवे गडी जमविले आणि दोर पुन्हां वर सरकूं लागले.

१९५८ च्या नोव्हेंबरांत हार्डिंग, वेन मेरी आणि जॉर्ज व्हिटमोर हे शेवटच्या चढाईसाठीं निघाले. बारा दिवस ते भिंतीवर होते. मध्यें वादळानें त्यांना जागीं खिळवून ठेवलें. माथ्याखालीं अखेरचा दगड असा निघाला कीं, तो पुढें झुकलेला, आणि त्यांत भेग नाहीं. भेग नाहीं तेथें मेख चालत नाहीं. हातानें छिद्र पाडून बोल्ट ठोकावा लागतो. हार्डिंगनें रात्र पडली तरी हात थांबविला नाहीं. दिव्याच्या उजेडांत सुमारें चौदा-पंधरा तास तो छिद्रें पाडीत गेला आणि २८ बोल्ट ठोकून १२ नोव्हेंबरच्या पहांटे माथ्यावर आला. सुमारें सोळा महिन्यांत प्रत्यक्ष चढाईचे दिवस सुमारें ४५ लागले. मेखा ठोकल्या गेल्या सुमारें ६७५ वेळां, आणि बोल्ट सुमारें १२५. मनुष्याच्या चिवटपणाचा हा कळस होता, याविषयीं त्याच्या विरोधकांनींही कधीं शंका घेतली नाहीं.

परंतु शंका निघाली ती दुसऱ्याच बाजूनें. १९६० सालीं रॉबिन्स, जो फिचेन, चक प्रॅट आणि टॉम फ्रॉस्ट या चौघांनीं तीच धार, तळाशीं जोडलेले दोर न ठेवतां, एका दमांत सात दिवसांत चढून दाखविली. वरून माघार घेणें जवळजवळ अशक्य, हें जाणून त्यांनीं परतीचा मार्ग आपणहून सोडला होता. पुढच्याच वर्षीं रॉबिन्स, प्रॅट आणि फ्रॉस्ट यांनीं एल कॅपिटानवर दुसरी वाट काढली. तींत त्यांनीं अवघे १३ बोल्ट वापरले आणि त्या वाटेला वृद्ध लोहार सालाथेचें नांव दिलें. रॉबिन्सचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. बोल्टानें कोणतीही भिंत चढतां येते. म्हणून बोल्ट जितके अधिक, तितका चढण्याचा अर्थ कमी. दगडानें जेथें वाट दिली आहे तेथूनच जावें. जेथें दिली नाहीं, तेथें परतावें. हार्डिंगला हें सोवळें मान्य नव्हतें. ज्यानें त्यानें आपल्या रीतीनें चढावें, दुसऱ्याच्या चढाईवर न्यायाधीश होऊन बसूं नये, असा त्याचा पक्ष होता.

दोन्ही पक्ष १९७० सालीं समोरासमोर आले. हार्डिंग आणि डीन कॉल्डवेल यांनीं एल कॅपिटानच्या पूर्वेकडील, पहांटेचा प्रकाश प्रथम झेलणाऱ्या भिंतीवर २७ दिवस काढले आणि तीनशेंच्या वर छिद्रें पाडलीं. सुटकेसाठीं आलेली मदत त्यांनीं नाकारली, आणि वर येतांच वृत्तपत्रकारांची गर्दी त्यांच्याभोंवतीं जमली. रॉबिन्सला ही अतिरेकाची सीमा वाटली. १९७१ सालीं डॉन लॉरिया याच्यासह तो त्याच वाटेनें चढूं लागला तो हातांत छिन्नी घेऊनच. मागें राहिलेले बोल्ट छाटीत जावयाचें आणि ती वाट पुसून टाकावयाची, असा त्याचा निश्चय होता. कांहीं टप्पे त्यानें साफ केलेही. परंतु जसजसा तो वर गेला तसतसें त्याच्या ध्यानांत आलें कीं, बोल्टांच्या मधली चढाई अत्यंत कुशल माणसाचें काम आहे. प्रतिपक्ष्याचें कसब हातांनीं अनुभवल्यावर त्याची छिन्नी थांबली, आणि उरलेले बोल्ट तसेच ठेवून तो माथ्यावर गेला. तत्त्वनिष्ठा आणि न्यायबुद्धि यांची अशी गांठ इतिहासांत क्वचित् पडते.

दोघांच्या वादांत एका तिसऱ्या पक्षाकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. तो पक्ष म्हणजे स्वतः दगड. मेख बोल्टाहून सौम्य, असा सर्वांचा समज होता, कारण ती काढून घेतां येते. पण कठीण पोलादाची मेख ठोकतांना आणि हलवून काढतांना प्रत्येक वेळीं भेगेच्या कडेचा थोडा चुरा होतो. पहिला मनुष्य नखाएवढ्या फटींत पातळ पातें बसवी. शंभरावा तेथेंच अंगठ्याएवढी मेख ठोकी. जे लोक भेगेच्या सौंदर्यासाठीं येत, तेच ती भेग खात होते. ग्रॅनाइटाची जखम भरून येत नाहीं. झाड पुन्हां फुटतें, दगड फुटत नाहीं.

हें पाप ज्यानें उघड बोलून दाखविलें, तो स्वतः मेखा घडविणाराच होता. इव्हॉन शुइनार्ड यानें १९५७ सालीं जुना भाता आणि ऐरण घेऊन पोलादी मेखा घडविण्यास आरंभ केला, आणि पुढें त्याच त्याच्या व्यापाराचा मुख्य आधार झाल्या. १९७२ सालीं त्याच्या कारखान्यानें काढलेल्या मालाच्या सूचीपत्रकांत डग रॉबिन्सन याचा एक निबंध छापला होता. मेखा सोडा, हातोडा घरीं ठेवा, असा त्याचा आशय होता. आपल्याच दुकानाच्या सूचीपत्रकांत आपल्याच मालाविरुद्ध प्रचार करणारा व्यापारी सहसा पाहावयास मिळत नाहीं. मेखेऐवजीं जें साधन पुढें आलें त्याची कल्पना इंग्लंड-वेल्सकडील होती. तेथील गडी भेगेंत खडा अडकवून त्याभोंवतीं दोरी बांधीत. पुढें यंत्रांची बोल्टावरील लोखंडी चाकी दोरींत ओवून तीच भेगेंत अडकवूं लागले. भेग जेथें खालीं निमुळती होते तेथें असा ठोकळा वरून सरकवावा. भार पडला कीं तो अधिकच घट्ट बसतो, आणि मागून येणारा तो दोन बोटांनीं सोडवून घेतो. मागें खूणही राहत नाहीं. १९७३ सालीं डग रॉबिन्सन, गॅलन रोवेल आणि डेनिस हेनेक यांनीं हाफ डोमची वायव्य बाजू एकही मेख न ठोकतां चढून दाखविली, आणि हातोड्यावांचून मोठी भिंत चढणें शक्य आहे हें सिद्ध झालें.

ठोकळ्याला भेग निमुळती लागते. समांतर भेगेंत तो घसरतो. ही उणीव रे जार्डाइन यानें भरून काढली. त्याचें स्प्रिंगचें साधन १९७८ सालीं बाजारांत आलें. त्याचीं पाकळ्यांसारखीं चाकें दांडी ओढतांच बाहेरच्या बाजूस फांकूं पाहतात, आणि खालीं पडणारा भारच भेगेच्या दोन्ही भिंतींवर दाब होऊन बसतो. दगडाला ओरखडा नाहीं, हातोड्याचें काम नाहीं. पण मनुष्यस्वभावाची विचित्र गति पाहा. ज्यानें दगडाला न दुखविणारें हें उत्तम साधन दिलें, त्याच जार्डाइननें १९८० च्या सुमारास नाकाची धार मुक्त रीतीनें चढण्याच्या ईर्ष्येनें एका कोऱ्या पट्ट्यावर छिन्नीनें बोटांपुरत्या खोबण्या कोरल्या. टीका फार झाली, तोही पुढें गेला नाहीं. परंतु खोबण्या राहिल्या.

मग १९९३ साल उजाडलें. लिन हिल नांवाची, उंचीनें अवघी पांच फुटांच्या थोडी वर असलेली स्त्री ब्रुक सँडाल या सोबत्यासह चार दिवसांत नाकाची सारी धार मुक्त रीतीनें चढली. जेथें पस्तीस वर्षें सर्वांनीं शिड्यांवर उभें राहून वाट काढली होती, त्या 'थोरल्या छता'खालच्या बारीक फटींत तिनें बोटांचीं टोंकें बसविलीं. त्यावरील एका कोपऱ्यांत धरावयास कांहींच नव्हतें. तेथें तिनें दोन्ही भिंतींवर हात, पाय आणि पाठ यांचा उलटसुलट दाब देत, अंग वळवीत, इंचाइंचानें उंची मिळविली. हार्डिंगनें रात्रभर जो झुकलेला दगड छिद्रें पाडून जिंकला होता, तोही तिनें हातापायांनीं ओलांडला. पुढच्या वर्षीं, १९९४ सालीं, तिनें हीच चढाई एका दिवसाच्या आंत, २३ तासांत, पुरी केली. तोंवर कोणाही पुरुषाला ही गोष्ट साधली नव्हती.

येथें एखाद्यास वाटेल कीं, कथेचा शेवट गोड झाला. साधनांचा पराभव झाला आणि शुद्ध हात जिंकले. परंतु इतिहास इतका सोपा नसतो. लिन हिलची वाट जार्डाइननें कोरलेल्या त्याच पट्ट्यावरून जाते. योसेमिटींतील कित्येक भेगांत आज मुक्त चढाई करणारांचीं बोटें ज्या खळग्यांत शिरतात, ते खळगे निसर्गानें केलेले नाहींत; जुन्या मेखांच्या जखमा आहेत त्या. ज्या पिढीनें हातोडा टाकला, ती हातोड्यानेंच केलेल्या खळग्यांना धरून वर गेली. पूर्वजांच्या साधनांचा निषेध करणें सोपें असतें. त्यांच्या साधनांनीं मिळालेलें फळ परत करणें कोणालाही शक्य नसतें. म्हणून निषेधाबरोबर थोडी नम्रताही असावी लागते. रॉबिन्सची छिन्नी मध्येंच थांबली, तींत ही नम्रता होती.

आजही नाकाची धार चढणारे बहुतेक लोक तीनचार दिवस घेतात आणि अवघड टप्प्यांवर साधनांचाच आधार घेतात. २०१८ सालीं ॲलेक्स होनोल्ड आणि टॉमी कॉल्डवेल यांनीं हीच धार दोन तासांहून कमी वेळांत पार केली, तीही भराभर आधार हातीं धरीत. त्यांत कोणी कमीपणा मानीत नाहीं. फरक पडला आहे तो एवढाच कीं, मेख ठोकण्याआधीं हात थबकतो. ठोकळ्यानें काम भागतें काय, हें आधीं पाहिलें जातें. गंजलेला बोल्ट बदलावयाचा झाला तर शक्य तेथें जुन्याच छिद्रांत नवा बसविला जातो. आणि कोठें हातोडा वापरला, तर तो वापरल्याचें सांगितलें जातें. कायद्यानें हें सर्व घडविलेलें नाहीं. कोणीही पाहत नसतांना, जमिनीपासून दोन हजार फुटांवर, एकट्या माणसानें पाळलेले हे नियम आहेत.

गरज असेल तेथें मनुष्य मिळेल तें साधन घेतो, आणि त्याबद्दल त्याला बोल लावतां येत नाहीं. पण गरज संपल्यावरही तो हातांतलें साधन खालीं ठेवूं शकतो कीं नाहीं, यावरून त्याची योग्यता ठरते. ग्रॅनाइटाच्या त्या धारेवर जे चढले, त्यांनीं दगडावर विजय मिळविला असें म्हणण्याची चाल आहे. दगड आपल्या जागीं आहे. त्यांनीं हळूहळू, तंडत आणि चुकत, आपल्या हातोड्यावर विजय मिळविला, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल.